मासळीबाजारातला बर्फ

मुलुंड (पूर्व),
सोमवार, दि. ६ जानेवारी २०२५

चि. शेवंती हीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र शुक्रवारी मिळाले. खुब्याची जखम भरत आली असून वॉकर धरून तू ओटीपर्यंत जातेस, हे वाचून बरे वाटले. बाळाच्या तेजलने तुझी व्यवस्था उत्तम ठेवलेली दिसते. आपला धाकटा भाऊ आज असता तर त्याने लेकीचे कौतुक साऱ्या कणकवलीत केले असते. मी ते या एका वाक्यात करतो. ते तिला वाचून दाखव.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येते त्यावर मी बोलू लागलो की तू मध्येच तोडतेस. म्हणून पत्र. तुझ्या पत्रातील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून या वेळी परत पाठवत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस ही सवलत देण्यास हरकत नाही. तू बरी झालीस की सवलत संपेल. शिक्षकांच्या शिबिरासाठी गेलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या स्त्रीने पाण्याची भरलेली बादली स्वतः उचलून पायरी उतरण्याचे कारण नव्हते, हेही एकदाच लिहितो. पुन्हा लिहिणार नाही.

तू सांगितल्याप्रमाणे काल सकाळी शाळेच्या वरच्या मजल्यावरील तुझ्या रविवारच्या विज्ञानवर्गाची खोली उघडली. तुझ्या सूचना दोनच होत्या. कपाटाची किल्ली दिशा इंगळे हिच्याकडे द्यावी, आणि मुलांच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर सांगू नये. ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे शब्दही उच्चारू नयेत. ज्याने आयुष्यभर मराठीचे व्याकरण शिकवले, ज्याच्या तांबड्या पेनाला मुले घाबरत, त्याला तू हे सांगितलेस. विज्ञानातले मला काही कळत नाही, हीच माझी या कामासाठीची पात्रता, असे तू फोनवर म्हणालीस. ते मात्र स्पष्ट ऐकू आले.

मुले अकरा होती, निरनिराळ्या शाळांतली. हजेरी घ्यावी म्हणून मी उभा राहिलो, तेव्हा सुयोग नावाच्या सहावीतल्या मुलाने विचारले, “सर, मेणबत्ती विझवली की पांढरा धूर का येतो?”

“मी सांगणार नाही,” मी म्हणालो.

“सांगणार नाही, की माहीत नाही?”

“दोन्ही.”

“मग झकास,” तो शेजारच्या मुलीला म्हणाला. “ताईंना माहीत असतं आणि सांगत नाहीत, तेव्हा डोकं फिरतं. सरांना खरंच माहीत नाही.”

“गप रे,” ती म्हणाली. “सर, तुम्ही नुसते बसा. ताई पण नुसत्या बसतात.”

ती दिशा. तू कोठे नुसती बसत असशील यावर माझा विश्वास नाही. पण मी बसलो. त्यांनी मेणबत्ती विझवली आणि पेटती काडी वातीला न लावता वर चढणाऱ्या त्या धुराला लावली. ज्योत धुरातून उडी मारून खाली वातीवर आली. मी उठून उभा राहिलो. “पुन्हा करा,” म्हणालो. त्यांनी पुन्हा केले. तिसऱ्यांदा काडी माझ्या हातात दिली.

तुझ्या वर्गात मी यापूर्वी कधी आलो नव्हतो. घाटकोपरच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून तू देवनारच्या वस्तीत गेलीस, तेव्हा आपल्या वडिलांनी गिरणीतली पाळी चुकवून तुझी समजूत घातली होती. मी तेवढेही केले नाही. मी फक्त तुझ्या राजीनाम्यातली वाक्यरचना सुधारून दिली. पुढे पाठ्यपुस्तकाच्या समितीवर तुला घेतले आणि दोन बैठकांनंतर तू बाहेर पडलीस. मुलांनी काय पाहिले ते पुस्तकात आधीच कसे छापता, असे तू विचारलेस म्हणे. त्या पानांची भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे होते. ‘असे दिसून येते की’ या शब्दप्रयोगात मला दोष आढळला नव्हता. व्याकरणाच्या दृष्टीने आजही आढळत नाही. काल ज्योत उडी मारताना पाहिली तेव्हा ते पान आठवले, एवढेच.

खोलीचे काय, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस. खोली होती तेथेच आहे. खिडकीची एक काच तडकली होती, ती मी बदलून घेतली.

श्यामसुंदर गोविंद धुरी


मुलुंड (पूर्व),
सोमवार, दि. २० जानेवारी २०२५

चि. शेवंती हीस,

आशीर्वाद. तिळगूळ तेजलच्या पत्त्यावर पाठवला आहे. लाडू विकतचे आहेत. अनुपमा गेल्यापासून या घरात पाक झालेला नाही. सख्ख्या बहिणीला पूर्ण नाव लिहून सही करणारा महाराष्ट्रात मी एकटाच असेन, असे तू लिहिले आहेस. पत्राखाली नाव असावे हा संकेत आहे. तो मोडण्यासाठी पुरेसे कारण मला अजून दिसलेले नाही.

संक्रांतीच्या दिवशी दिशाची आजी सुंदराबाई तिळगूळ घेऊन आल्या. मी त्यांना खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्या आणि तुझ्याविषयी बोलू लागल्या. मला मध्ये बोलावे लागले नाही.

“तुमच्या बहिणीचं काय सांगू, सर. आम्ही नुकतेच जालन्याकडून आलेलो. कचऱ्याच्या डंपिंगच्या कडेला झोपडं. एक बाई पिशवी घेऊन आली. आम्ही म्हणलं, काही वाटायला आली असेल. तर तिनं आमच्याकडच्याच रिकाम्या बाटल्या मागून घेतल्या.”

त्या बाटल्यांत तुम्ही बायकांनी वस्तीतल्या प्रत्येक नळाचे पाणी भरले, उन्हात ओळीने ठेवले, आणि तळाशी काय बसते ते आठवडाभर पाहिले. मग त्याच बाटल्या नेऊन एका साहेबांच्या टेबलावर मांडल्या.

“साहेब म्हणाला, हे काय आहे? बाई म्हणल्या, तुम्हीच बघा आणि सांगा, आम्ही नाही सांगणार. साहेबानं बाटली हलवली, वास घेतला. मग शिपायाला म्हणाला, चहा आण यांच्यासाठी. आम्ही म्हणलं, चहा कुठल्या पाण्याचा?” सुंदराबाई हसल्या. “उन्हाळा संपायच्या आत पाइप बदलला, सर.”

ग्रहणाच्या दिवशी तुझ्यासमोर त्यांनी भाजी चिरली होती, हेही त्यांनी सांगितले. तेव्हा त्यांना सातवा महिना होता. सासू दारात उभी राहून रडत होती आणि सुंदराबाईंनी विळी दोनदा बाजूला सारली. तू म्हणालीस, भीती वाटत असेल तर चिरू नका, मी काही तुमची परीक्षा घेत नाही. “तसं म्हणल्यावर मग चिरलीच,” त्या म्हणाल्या. पोटात होता तो दिशाचा बाप, चैतन्य. सध्या बसगाड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात आहे. त्याच्या दोन्ही कानांत काही खोट नाही आणि ओठही फाटलेला नाही, हे मला दाखवण्यासाठी सुंदराबाईंनी फोनमधले छायाचित्र काढले. मी चष्मा लावून पाहिले.

इतकी वर्षे तुझे काम म्हणजे वर्तमानपत्रातली चौकट, असे मी समजत होतो. चौकटीत साहेबाच्या चहाचा उल्लेख नव्हता.

आता कालच्या वर्गाविषयी. मुलांनी पाणी उकळत ठेवले आणि त्यात तुझा थर्मामीटर सोडला. तांबडी रेघ चढत चढत अठ्ठ्याण्णव अंशांवर आली आणि थांबली. पाणी खळखळ उकळत होते. ज्योत मोठी केली तरी रेघ जागची हलली नाही. येथे माझ्याकडून तुझा नियम मोडला गेला.

“शंभर हवेत,” मी म्हणालो.

“कोण म्हणतं?” दिशा.

“पुस्तक म्हणते.”

“पुस्तकाने आपला थर्मामीटर बघितलाय का, सर?”

“थर्मामीटरच येडा असेल,” सुयोग म्हणाला.

“मग त्यालाच विचारू ना. बर्फात घालू. बर्फात झीरो यायला पाहिजे. नाही आला तर हाच येडा.”

शाळेत फ्रीज नाही. सुयोग जिना उतरून मासळीबाजारात पळाला आणि कोळणीकडून पिशवीभर बर्फ घेऊन आला. खोलीभर सुरमईचा वास पसरला. बर्फ कुटून त्यात थर्मामीटर खोचला, तर रेघ शून्याच्या खाली दोन घरे जाऊन बसली. मुलांनी गलका केला. थर्मामीटर दोन अंश कमी दाखवतो. म्हणजे अठ्ठ्याण्णवचे शंभर. मीही समाधानाने खडू उचलला होता. तेवढ्यात दिशाने बर्फाचा एक खडा जिभेला लावला. मी नको म्हणेपर्यंत लावलाही.

“खारट आहे,” ती म्हणाली.

“मासे खारटच असतात, यार.”

“मासे नाही रे, बर्फ. यात मीठ असणार. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो ना, जास्त गार व्हायला. मग हा थर्मामीटर येडा, की बर्फच शून्याच्या खाली?”

मी खडू खाली ठेवला. फ्रीजमधला साध्या पाण्याचा बर्फ घरून आणून पुन्हा पाहायचे, असे त्यांनी ठरवले. पुढच्या रविवारी प्रजासत्ताक दिनामुळे वर्ग नाही. त्याच्या पुढच्या रविवारी, दि. २ फेब्रुवारीस, एक चाचणी आहे.

चाचणीविषयी तुला मागील पत्रात लिहिले नव्हते. तेव्हा तुझी जखम पुरती भरलेली नव्हती. शाळेच्या मंडळाचा सचिव निलेश माझा विद्यार्थी; तो डिसेंबरातच घरी येऊन गेला. शाळेत मुले उरलेली नाहीत, छत गळते, आणि वरची खोली भाड्याने घेण्यास प्रवेशपरीक्षांची शिकवणी घेणारे फाउंडेशन वर्गवाले तयार आहेत.

“मंडळात ताईंच्या बाजूने एकटा मी बोललो, सर,” तो म्हणाला. “ते म्हणतात, ही मुलं तिथे करतात काय? मेणबत्त्या जाळतात. काही येतं का त्यांना? शेवटी मी म्हटलं, चाचणी घ्या. सगळ्यांसमोर पंधरा प्रश्न. नऊ आले की खोली ताईंची, परत कोणी विषय काढायचा नाही. परीक्षक तुम्ही.”

“वर्ग माझ्या बहिणीचा आहे, निलेश.”

“म्हणून तर. ज्यांनी स्वतःच्या पोराला मराठीत नापास केलं, त्यांच्यावर कोण संशय घेणार?”

अनिरुद्धला मी नापास केले होते, हे खरे आहे. त्याला चौतीस गुण होते. चौतीस म्हणजे पस्तीस नव्हेत. अनुपमा त्या वेळी माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही.

उत्तरांचा नमुना मंडळाने छापून दिला आहे. तो माझ्याकडे आलेला नाही; पण काय विचारतील याचा अंदाज कोणत्याही शिक्षकाला येतो. काल मुले गेल्यावर मी फळ्यावर वीस संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहिली. आठवडाभर ती पाठ करून घेतली असती तर खोलीची चिंता उरली नसती. पाठांतर करून घेणे मला येते. फळा पूर्ण भरल्यावर थोडा वेळ बाकावर बसलो. मग पुसला.

श्यामसुंदर गोविंद धुरी


मुलुंड (पूर्व),
सोमवार, दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. शेवंती हीस,

आशीर्वाद. तुझे पत्र गुरुवारी मिळाले. चाचणीविषयी त्यात एक अक्षरही नाही. तेजलच्या परसातल्या आंब्याला मोहोर चांगला आला आहे, असे लिहिले आहेस. इकडे थंडी गेली. आमच्या इमारतीची नवी लिफ्ट एकदाची सुरू झाली. दार रुंद आहे, आत चाकाची खुर्चीसुद्धा जाते. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढण्याजोगा झालेला नाही, असे डॉक्टरांचे मत आहे.

पत्राच्या अखेरीस तू एक वाक्य लिहिले आहेस. “आता मुंबईला येऊन मी काय करू, इथली ओटीच बरी.” त्या वाक्याकडे नंतर येतो.

चाचणी शाळेच्या सभागृहात झाली. मंडळाचे सदस्य, काही पालक आणि फाउंडेशन वर्गाचे एक गृहस्थ समोर बसले होते. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी मुलांसाठी पेने आणली होती. मी प्रश्न वाचत होतो, मुले एकेक करून उभी राहत होती, आणि छापील नमुना पाहून मी रकान्यात खूण करत होतो.

सुयोगला विचारले, सूर्य कोणत्या दिशेला उगवतो.

“आत्ता की मे महिन्यात?” तो म्हणाला. “आत्ता आमच्या खिडकीतून टॉवरच्या उजवीकडे उगवतो. मे महिन्यात टॉवरच्या मागे जातो, दिसतच नाही.”

“कोणती दिशा, ते सांग.”

“पूर्वच, सर. पण सरकती.”

मी गुण दिला. ‘सरकती’ हा शब्द नमुन्यात नव्हता. पण ‘पूर्व’ होता. दुसऱ्या एका मुलीला विचारले की रात्री झाडे कोणता वायू सोडतात. “रात्री आम्ही बघितलं नाही,” असे ती म्हणाली आणि खाली बसली. तेथे गुण देता आला नाही.

मग दिशा उभी राहिली. पाणी किती अंश सेल्सिअसला उकळते, असा प्रश्न होता. फाउंडेशनचे गृहस्थ तिला धीर देत म्हणाले, “सोप्पा आहे, बेटा.”

“आमच्या थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णवला,” ती म्हणाली. “तो बहुतेक दोन अंश कमी दाखवतो. पण आम्ही त्याला ज्या बर्फात तपासला तो मासेवालीचा होता, खारट लागत होता. फ्रीजचा बर्फ लावून बघायचं राहिलंय. म्हणून अजून ठरलेलं नाही.”

सभागृहात काही लोक हसले. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी विचारले, “पण पुस्तकात काय दिलंय?”

“शंभर.”

“मग शंभर म्हण ना.”

“पुस्तकात काय दिलंय ते सरांनी विचारलं नाही.”

मी तो रकाना मोकळा ठेवला आणि पुढचा प्रश्न वाचला.

शेवटी बरोबर उत्तरे आठ भरली. निलेशने तो कागद दोनदा पाहिला आणि माझ्या कानाशी वाकला. माझा उजवा कान त्यातल्या त्यात बरा, हे त्याला ठाऊक आहे.

“सर, एक रकाना राहिलाय.”

“राहिलेला नाही. ठेवला आहे.”

“मग भरा ना. काय भरायचं ते भरा, मी तिकडे बघतो.” आणि तो खरोखरच दुसरीकडे पाहू लागला. माझे पेन घरंगळत कडेला गेले होते, ते त्याने उचलून माझ्या हाताशी ठेवले.

शेवंती, बरोबर अशी खूण केली असती तर खोली राहिली असती, आणि कोणी संशय घेतला नसता. निलेशला तेच हवे होते. मला काय हवे होते ते लिहिण्याची आवश्यकता नाही. ती मुलगी शंभर म्हणाली नव्हती. अठ्ठ्याण्णव हेच उत्तर, असेही म्हणाली नव्हती. अजून ठरलेले नाही, असे म्हणाली होती. त्यावर बरोबर अशी खूण करणे म्हणजे तिने जे ठरवले नाही ते मी ठरवून टाकणे. आणि चूक अशी खूण करण्यासाठी माझा हात उचलला गेला नाही. तिने सांगितले त्यातले सर्व माझ्यासमोर घडले होते. तो सुरमईचा वास माझ्या कोटाला दोन दिवस होता.

“फ्रीजमधला बर्फ मागवा,” मी निलेशला म्हणालो. “थर्मामीटर वर कपाटात आहे. अर्धा तास द्या. मुले तपासतील, मग मी रकाना भरतो.”

“सर, पाच वाजता इथे बारसं आहे. पाळणा येऊन खाली उभाय. फुलवाला मला फोनवर फोन करतोय.”

“मग रकाना मोकळा राहील.”

“आठच झाले, सर. नऊ पाहिजेत.”

“मला मोजता येते.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. शाळेत असताना निबंधाची वही परत घेताना पाहत असे, तसाच. मग त्याने कागदाची घडी केली.

खोली गेली.

जिना उतरताना सुयोग मोठ्याने म्हणाला, “एका मार्काने वाट लागली ना आपली.” पुढे चालणारी दिशा थांबली. तिने मागे वळून विचारले, “सर, माझ्यामुळे?”

या सर्व रविवारांत मुलांनी मला विचारलेल्या प्रश्नांपैकी उत्तर ठाऊक असलेला हा एकच प्रश्न. मी “नाही” असे सांगितले. तुझा नियम दुसऱ्यांदा मोडला. तो मोडल्याचे मला वाईट वाटत नाही.

गुरुवारी चैतन्यने एक टेंपो आणला आणि तुझे कपाट माझ्या घरी आणून ठेवले. ते समोरच्या खोलीत, अनुपमाच्या शोकेसच्या जागी उभे आहे. शोकेस आतल्या खोलीत गेले. सोफा भिंतीला लावला. त्याच्या खाली अनुपमाची एक कानातली कुडी सापडली. ती असताना आम्ही दोघांनी त्या कुडीसाठी सारे घर पालथे घातले होते. सोफा मात्र हलवला नव्हता, कारण तो हलवायचा नाही असे मीच ठरवून ठेवले होते.

काल वर्ग येथे झाला. अकराही मुले आली. चपला दाराबाहेर ओळीत लावण्याची सूचना मी केली. ती पाळली गेली नाही. सुंदराबाईही आल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन त्यांनी चहा केला. पातेले शेगडीवरून उतरवून कोणीतरी थेट टीपॉयवर ठेवले. पॉलिशवर पांढरे वर्तुळ उमटले आहे. ते जाईल असे वाटत नाही. आज सकाळी त्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवले होते, मग काढून घेतले.

बर्फ माझ्या फ्रीजमधला होता, पिण्याच्या पाण्याचा. दिशाने आधी त्याची चव घेतली, मग सुयोगने, मग उरलेल्यांनी, आणि अखेरीस माझ्याकडे खडा आला. मीठ नव्हते. बर्फ कुटला, थोडा वितळू दिला, आणि थर्मामीटर खोचला. सारे टीपॉयभोवती वाकले होते. सुंदराबाई गॅस बंद करून बाहेर आल्या. तांबडी रेघ उतरू लागली, मंद झाली आणि एका जागी थांबली. आम्ही सर्वांनी ती पाहिली. मी भिंगातूनही पाहिली.

ती कोठे थांबली, हे मी येथे लिहीत नाही.

ताईंना कोणी फोनवर सांगायचे नाही, असे मुलांनी ठरवले आहे. सुयोगने प्रत्येकाकडून शपथ घेतली. मला वगळावे, असे त्याला वाटले नाही. तेजलने विचारले तर तिलाही सांगणार नाही. थर्मामीटर कपाटाच्या वरच्या खणात आहे. बर्फ रोज होतो. हे पाहायचे असेल तर स्वतः पाहावे लागेल.

तुझ्या त्या वाक्याला माझे हे उत्तर आहे. लिफ्टविषयी वर लिहिलेच आहे. तुझ्या खुब्याला चालेल अशी उंच, हातांची खुर्ची शनिवारी आणून ठेवली. मुले तिच्यावर बसत नाहीत. मी बसू नको असे सांगितले नव्हते.

मोकळ्या ठेवलेल्या त्या रकान्याविषयी तुला विचारावे, असे आठवडाभर मनात होते. तू बरोबरही म्हणणार नाहीस आणि चूकही म्हणणार नाहीस. म्हणून विचारत नाही.

वर्ग रविवारी दहाला सुरू होतो. दार उघडे असते.

दादा